दत्तूअण्णांचा घातांक

दत्तूअण्णांनी एकदा एका बिल्डरला फोन करून सांगितलं, "तुमचा दोन खाली पडलाय."

बिल्डरची बोबडी वळली. राजारामपुरीत त्याचं काम चालू होतं आणि दुसऱ्या मजल्याचा स्लॅब आदल्याच आठवड्यात टाकला होता. "कवा पडला? माणसं हायत का खाली?" तो फोनवरच ओरडायला लागला.

"माणसं बरी हायत. लाज गेलीय," अण्णा म्हणाले. "तुमच्या बोर्डावर फूट लिवलंय आणि त्याच्या खांद्यावर बसायचा दोन शेजारी जमिनीवर बसवलाय. घातांक हाय तो. वर चढवा. न्हायतर लोक फूट दोन असं वाचत्यात. दोन फुटांचा फ्लॅट घेणार कोण, मांजर?"

बिल्डरनं जे उत्तर दिलं ते इथं देता येत नाही. अण्णांनी त्याला जे दिलं ते तर मुळीच नाही.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या समोरच्या घरात वरच्या दोन खोल्यांत अण्णा एकटे राहतात. वय पंच्याहत्तरीच्या आसपास, अंगानं काटक, आवाज मात्र तालमीतल्या वस्तादाचा. मी सहा वर्षांपूर्वी इथं राहायला आलो तेव्हा सामान उतरवायच्या आधी त्यांनी माझ्या खोक्यांवरचे आकडे तपासले होते. कॉलेजात मराठी शिकवतो म्हटल्यावर म्हणाले, "मराठी? मग ठीक हाय. गणिताचा मास्तर असता तर राहू दिलं नसतं. नुकसान त्यांनीच केलंय."

अण्णांनी चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले. शिशाचं एकेक अक्षर लाकडी खणातून उचलायचं, उलटं वाचायचं आणि ओळीत बसवायचं. साध्या ओळी जुळवणारे गावात पुष्कळ होते. गणिताचं पुस्तक आलं की ते अण्णांकडे जायचं. अपूर्णांक म्हणजे दुमजली काम. वरचे बारके आकडे, मध्ये पितळेची पट्टी, खाली पुन्हा आकडे, आणि एवढं सगळं शेजारच्या ओळीला धक्का न लावता उभं राहायला हवं. अण्णा ते चिमट्यानं बसवायचे. स्वतः मात्र सातवीत गणितातच नापास झालेले.

"अर्थ कळत नसताना एवढं कसं जुळवलं?" असं मी एकदा विचारलं. माझीच चूक.

"अर्थ कशाला पायजे?" अण्णा उसळले. "हुपरीचा पैंजण करणारा काय सोता नाचतोय व्हय? पण घुंगरू वाकडं बसलं तर त्यालाच आदी कळतंय. मला गणिताचं बसणं कळतंय. बसणं बिघडलं की मग ते गणित न्हाय, अपघात हाय."

हे त्यांचं आवडतं वाक्य. किराणा दुकानाची यादी असो, नातेवाइकाच्या मुलाची वही असो, बँकेचं व्याजदराचं पत्रक असो, अण्णा चष्मा कपाळावर सारून बघणार आणि निकाल देणार: "अपघात हाय." बँकेत तर त्यांनी टक्क्याच्या चिन्हातलं एक शून्य खाली घसरलंय म्हणून तक्रारवहीत दोन पानं लिहिली. मॅनेजरनं ती वही नंतर कपाटात कुलूपबंद केली म्हणतात.

अशा माणसाच्या हातात मी विकी दिलं. त्याबद्दल पेठेनं मला अजून माफ केलेलं नाही.

झालं असं की आमच्या कॉलेजात मराठी भाषा पंधरवड्यात मी एक कार्यशाळा घेतली. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं असा एक इंटरनेटवरचा ज्ञानकोश आहे, त्यात मराठीतून कसं लिहायचं ते मुलांना शिकवत होतो. अण्णा न बोलावता आले आणि शेवटच्या बाकावर बसले. मी पडद्यावर गणिताचं एक पान उघडलं. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"सर, हे कुणी बी दुरुस्त करू शकतंय?"

"हो, अण्णा. कुणीही."

"आणि तरी बी हे असं ठेवलंय?" त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "जगानं बघायला?"

आठ दिवसांत त्यांनी भाच्याचा जुना कॉम्प्युटर घरात आणला. विकीवर सूत्रं नीट मांडायची असतील तर त्याला एक सांकेतिक लिपी लागते. लाटेक म्हणतात तिला. अण्णा तिला 'लाटणं' म्हणतात. अपूर्णांक हवा असेल तर एक उलटी तिरकी रेघ, मग इंग्रजीत फ्रॅक, मग महिरपी कंसात वरचा आकडा आणि दुसऱ्या महिरपी कंसात खालचा. माझ्या कॉलेजातले प्राध्यापक ह्या लिपीपुढं हात टेकतात. अण्णांनी ती पंधरवड्यात खिशात घातली, कारण त्यांच्या मते त्यात नवीन काहीच नव्हतं. "हे तर आमचंच काम हाय. नुस्तं शिसं न्हाय एवढंच."

तेव्हापासून दुपारी दोनच्या सुमाराला आमच्या गल्लीत समोरच्या खिडकीतून आरोळ्या ऐकू यायला लागल्या. "महिरप मिटव की मर्दा!" "कुणी केलं हे? हात मोडले काय?" भाजीवाल्या मावशी आधी घाबरायच्या. मग त्यांनी अण्णांच्या दारापुढं थांबायचंच सोडलं.

पहिलं मोठं भांडण झालं ते आकड्यांवरून. अण्णांनी एका सूत्रात मराठी आकडे घातले आणि पडद्यावर लाल अक्षरांत चूक दाखवली गेली. ते यंत्र सूत्रात देवनागरी आकडे घेतच नाही. विकीवर सगळ्यांनी मिळून बोलायचं एक पान असतं, त्याला चावडी म्हणतात. अण्णांनी तिथं लिहिलं: "मराठी विकी, मराठी वाचणारा, मराठी लिहिणारा, आणि आकडे तेवढे पावण्यांचे? हे यंत्र कुणी बसवलं त्यानं पुढं यावं." कुणीही पुढं आलं नाही. एका सभ्य सदस्यानं आकडे घालायची आडवाट समजावून सांगितली. त्याचे आभार मानायचे सोडून अण्णांनी त्याच्या उत्तरातले तीन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले.

आणि मग हिरण्यकेशी आली.

हिरण्यकेशी ही गडहिंग्लजची नदी. पण इथं ते एका सदस्याचं नाव होतं; विकीवर खऱ्या नावानं लिहावं लागत नाही. अण्णांनी वर्गसमीकरणाच्या पानावर उत्तराचं सूत्र असं देखणं बसवलं होतं, की ते बघायला मला त्यांनी जिन्यावरून हाका मारून नेलं. दुसऱ्या दिवशी बघतात तर सूत्र गायब. त्या जागी साधी ओळ: "उणे ब अधिक-उणे ब वर्ग उणे चार अ क चे वर्गमूळ भागिले दोन अ."

अण्णांनी बदल उलटवला. हिरण्यकेशीनं तो पुन्हा उलटवला. अण्णांनी परत सूत्र बसवलं. असं आठवडाभर चाललं. पानाच्या चर्चेत अण्णांनी लिहिलं, "भागिले कुणाला? नुस्त्या मुळाला का सगळ्याला? रेघ कुटं हाय? तुमच्या वाक्याला घर न्हाय, दार न्हाय. हा अपघात हाय."

उत्तर आलं: "तुमचं सूत्र भिंतीवर टांगायला छान आहे. मला वाचायचं आहे."

"मग वाचा की! डोळे हायत न्हवं?"

उत्तरादाखल सूत्र पुन्हा गायब झालं.

तेव्हा विकीच्या प्रचालकांनी, म्हणजे तिथली व्यवस्था बघणाऱ्यांनी, दोघांवरही तीन दिवसांची बंदी घातली. आणि माझ्यावरही. अण्णा माझंच वायफाय वापरतात, त्यामुळे मी म्हणजे अण्णांनीच उघडलेलं दुसरं खोटं खातं आहे असा संशय आला होता. वीस वर्षं मराठी शिकवतोय मी. 'तुम्ही दत्तूअण्णा नाही हे सिद्ध करा' असा निरोप मला वाचावा लागला. मी तसाच पायऱ्या चढून वर गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा अण्णांवर ओरडलो.

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर हाय," ते म्हणाले. "तुमचा बी अपमान झालाय. आता दोघं मिळून जाऊ."

"कुठं?"

"तिच्याकडं. मी विकीवरनं मेल टाकलाय, समोर या म्हणून. तिचं उत्तर बी आलंय." त्यांनी पडदा दाखवला. उत्तर चार ओळींचं होतं. नाव महानंदा, गडहिंग्लजच्या एका कॉलेजात गणित शिकवते, पत्ता अमुक. आणि खाली: "रविवारी या. अव्वा चहा करेल, मी उत्तर देईन."

रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. अण्णांनी एका पिशवीत त्यांनी जुळवलेली जुनी पाठ्यपुस्तकं घेतली होती, पुरावा म्हणून. कागलपर्यंत ते हिरण्यकेशीला काय काय बोलणार आहेत त्याची तालीम करत होते. पुढच्या सीटवरचा एक पावणा वळून म्हणाला, "सोडचिट्टीचं मॅटर हाय का?"

"न्हाय," अण्णा म्हणाले, "वर्गमुळाचं."

घर बाजारपेठेच्या मागं होतं. दार म्हातारीनं उघडलं; ती अव्वा, महानंदा मॅडमची आई. आत खिडकीपाशी टेबलावर कॉम्प्युटर, आणि त्याच्यापुढं चाळिशीतल्या बाई ताठ बसलेल्या. आम्ही आत गेलो तरी त्यांनी मान वळवली नाही. टेबलाच्या कडेला पांढरी काठी घडी करून ठेवलेली होती.

ती मला आधी दिसली. अण्णांना दिसली नाही, ते सुरू झाले होते. "मॅडम, तुमी गणिताच्या बाई असून रेघ खाल्लीत! रेघ हे काय—"

"बसा," मॅडम म्हणाल्या. "खुर्ची डाव्या हाताला आहे. तुमचं सूत्र ऐकवते."

त्यांनी एक कळ दाबली. कॉम्प्युटरमधून एक सपाट, भराभर बोलणारा आवाज यायला लागला. "बॅकस्लॅश फ्रॅक लेफ्ट ब्रेस मायनस बी बॅकस्लॅश पीएम बॅकस्लॅश एसक्यूआरटी लेफ्ट ब्रेस बी कॅरेट टू..."

"ही काय चेष्टा लावलीय?" अण्णा म्हणाले.

"चेष्टा तुमी लावलाय!" मॅडम एकदम त्यांच्या बाजूला वळल्या, आणि तेव्हा अण्णांना दिसलं. "दहा वर्सं झाली डोळे जाऊन. डोळ्याच्या आतला पडदा सुकत गेला, डॉक्टर म्हनले काय बी होणार न्हाय. नोकरी सोडली न्हाय मी. वर्गात उभी राहून शिकवते. मराठीत ऐकून वाचता येईल असं गणिताचं पुस्तक एक दाखवा मला. एक! ह्या विकीवर काय तरी साध्या शब्दांत होतं, ते यंत्र वाचायचं, मी ऐकायची. मग तुमी आलासा. रोज एकेक पान उचलून ते चित्रासारखं करून ठेवलासा. आणि वर मला म्हणता, डोळे हायत न्हवं?"

अव्वा चहाचे कप घेऊन दारात थांबली होती. ती कन्नडमध्ये काहीतरी हळू बोलली. मॅडम म्हणाल्या, "न्हाय अव्वा, बोलू दे."

दुसरा कुणी असता तर माफी मागून मोकळा झाला असता. मी तर मागायलाही लागलो होतो. अण्णांनी मला हातानं गप्प केलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण ते म्हणाले, "डोळ्याचं बोललो ती माझी चूक. कान धरतो. पण तुमची ओळ चूकच हाय. भागिले दोन अ कुणाला, ते तुमच्या ओळीत कळत न्हाय. पोरगं नुस्त्या मुळाला भागून बसंल. हाय का न्हाय?"

मॅडम चिडूनच म्हणाल्या, "हाय. पण मग वाचायचं कसं? तुमीच वाचून दाखवा की. रेघ न दाखवता."

अण्णांनी पिशवीतून पुस्तक काढलं, पण उघडलं नाही. त्यांनी डोळे मिटले. आणि ज्या आवाजात ते बोलले तो मी सहा वर्षांत कधी ऐकला नव्हता. हळू, एकेका शब्दाला जागा देणारा.

"मोठी रेघ. रेघंवर: उणे ब. अधिक-उणे. मुळाचं छप्पर उघडलं. ब, खांद्यावर दोन. उणे चार अ क. छप्पर मिटलं. रेघ संपली. रेघंखाली: दोन अ."

"परत वाचा," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी परत वाचलं. मॅडमचं बोट टेबलावर चालत होतं. आडवी रेघ ओढली, वर छप्पर काढलं, खाली उतरलं.

"दिसतंय की," त्या म्हणाल्या. मग लगेच कडक आवाजात, "पण तुमी काय माझ्या यंत्रात बसून वाचणार हाय का?"

त्यावर उपाय त्यांनाच ठाऊक होता. प्रत्येक सूत्राच्या संकेतात एक लपलेली ओळ घालता येते. ती पडद्यावर दिसत नाही; वाचणारं यंत्र मात्र सूत्राऐवजी तीच बोलतं. सगळ्या जगाला ठाऊक आहे आणि कुणीच घालत नाही, कारण एकेक सूत्र बसून शब्दांत लिहावं लागतं, आणि मराठी विकीवर अशी शेकड्यांनी सूत्रं आहेत.

"आळशी लेकाचे," अण्णा म्हणाले, आणि चहा एका घोटात संपवला.

परतीच्या बसमध्ये संकेश्वरपर्यंत अण्णा पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हटलं, "अण्णा, मॅडम चांगल्या आहेत." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चांगलं-वाईट राहू दे. दहा वर्सं ती बाई बॅकस्लॅश ऐकत बसलीय. आणि आमी इकडं रेघा सरळ करतोय." मग कोल्हापूर येईपर्यंत ते विकी बनवणाऱ्या सगळ्या लोकांना, त्यांच्या यंत्रांना आणि शेवटी स्वतःलाही शिव्या देत होते. स्वतःला दिलेल्या जास्त जोरदार होत्या.

बंदी उठली त्या दिवसापासून अण्णा कामाला लागले. सूत्रं तशीच देखणी राहिली, फक्त प्रत्येकाच्या मागं एक बोलती ओळ बसायला लागली. मॅडम ऐकायच्या आणि फोन करून खडसवायच्या. "'खांद्यावर दोन' चालेल, पण 'खांद्यावर न अधिक एक' म्हणालात तर खांदा कुठं संपला ते सांगा की!" अण्णा इकडून ओरडायचे, "सांगतो की! जरा दम धरा!" दोघांच्या भांडणानं गल्लीला आता रविवारचीही उसंत राहिली नाही.

माझ्या मनात एक प्रश्न राहिला होता. गडहिंग्लजला अण्णांनी सूत्र वाचलं तो हळू आवाज आला कुठून? विचारायचं धाडस झालं नाही. उत्तर मिळालं ते निराळ्याच वाटेनं.

विकीवर प्रत्येक बदल जतन करताना खाली एक छोटा रकाना येतो. काय बदल केला, ते त्यात थोडक्यात लिहायचं असतं. गेल्या महिन्यात एका दुपारी अण्णांनी मला वर बोलावलं. एका नव्या प्रचालकानं त्यांना विचारणा केली होती. मी ती वाचली: "आपल्या शेकडो संपादनांच्या सारांशात 'वाचन: सौ. शांता' असे आढळते. ह्या कोण? सदस्य आहेत काय? एका खात्यावरून दोन व्यक्तींनी संपादन करणे नियमात बसत नाही. कृपया खुलासा करावा."

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला होता.

"छापखान्यात प्रूफ तपासायला दोघं लागत्यात," ते म्हणाले. "एकानं मूळ कागद वाचायचा, दुसऱ्यानं छापलेलं बघायचं. गणित वाचायला कोण तयार नसायचं. मग मालकांनी हिला ठेवली. बायंडिंगात होती ती आदी, पुस्तकं शिवायला. लग्न बी तितंच जमलं आमचं." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "छप्पर उघडलं, छप्पर मिटलं, हे सगळं तिचं हाय. तिनंच काढलं. तिला बी अर्थ कळायचा न्हाय, पण कुटं थांबायचं ते बरोबर कळायचं. एकोणीस वर्सं मी बघायचो आणि ती वाचायची. तुमी इथं यायच्या आदल्या वर्सी गेली."

मी म्हटलं, "अण्णा, मग सौ. कशाला? कैलासवासी लिहायचं."

"न्हाय लिवणार," ते एवढ्या जोरात म्हणाले की खाली कुणीतरी वर बघितलं असेल. मग आवाज उतरला. "काम चालू हाय अजून तिचं."

त्यांनी प्रचालकाला उत्तर लिहायला घेतलं. चार ओळी सणसणीत लिहिल्या, आणि पुसल्या. पुन्हा लिहिल्या, पुन्हा पुसल्या. बँकेच्या मॅनेजरला दोन पानं लिहिणारा हा माणूस एका ओळीसाठी अर्धा तास बसून राहिला. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुमी मराठीचे. ह्याला काय लिवायचं?"

मी सांगितलं, त्यांनी टाइप केलं: "खाते एकाच व्यक्तीचे आहे. वाचणारी व्यक्ती संपादन करत नाही."

अण्णांनी ते दोनदा वाचून बघितलं. कुठं काही दुरुस्त केलं नाही.